बोल्टामागचं लाकूड

एक कैची डोळ्यांसमोर उभी करा. छपराची, सागवानी. जागा आलापल्लीची घ्या, सिरोंच्याची घ्या, मूल किंवा नागभीडची घेतली तरी चालेल. वर कवेलू असोत नाही तर टिना. दोन तिरके वासे माथ्याशी भेटले आहेत आणि खाली भिंतींवर टेकले आहेत. छपराचं वजन त्यांचे पाय बाहेर ढकलतं आहे. पाय फाकू नयेत म्हणून खालून एक आडवी आहे, ती दोघांना आत ओढून धरते. प्रत्येक वासा दोन फळ्यांचा आहे आणि आडवीचं टोक त्या दोन फळ्यांच्या मधे शिरलं आहे. तिघांतून आरपार गेलेला एक बोल्ट, १६ मिलिमीटरचा. एका अंगाला डोकं, दुसऱ्या अंगाला नट, दोन्हीकडे चौकोनी वायसर.

बस, एवढंच. बाकीचं छप्पर सोडून द्या. पुढचा सगळा वेळ या एका सांध्यापाशी काढायचा आहे.

आधी लोखंड पाहून घ्या, म्हणजे त्याचं अप्रूप सरेल. साध्या पोलादाचा बोल्ट ओढून तोडायचा तर दर चौरस मिलिमीटरला साधारण ४०० न्यूटन लागतात. नीट सुकलेला साग त्याच्या उभ्या तंतूंच्या दिशेने दाबून चिरडायला त्याच मापाने सुमारे ५० पुरतात. आठास एक. शिवाय लोखंड दुकानातून पैसे मोजून आणलेलं असतं, त्यावर आटे असतात, चकाकी असते. त्यामुळे विश्वास तिकडेच जातो. छप्पर कुरकुरलं की सल्ला ठरलेला: अजून दोन बोल्ट मारा, नाही तर जाड बोल्ट टाका. हा उपाय कधीकधी दुखण्याहून वाईट निघतो. का, ते कळायला आधी ओढ कुठून कुठे जाते ते पाहावं लागेल.

आडवीच्या मध्यावर जा. तिथे ओढ साऱ्या लाकडात पसरलेली आहे. आडवी ७५ मिलिमीटर जाड आणि १५० उंच धरली तर सव्वाअकरा हजार चौरस मिलिमीटर लाकूड ती ओढ वाटून घेतं आहे. कुठेच गर्दी नाही. तिथून भिंतीकडे सरकत या. छिद्र जवळ आलं. तंतू छिद्राला वळसा घालून जात नाहीत, गिरमिटाने ते कापूनच टाकलेले आहेत. उरलेल्या तंतूंना छिद्राच्या वरून आणि खालून वाट काढावी लागते. आणि मग, ज्या ठिकाणी ही सगळी ओढ बोल्टाच्या हवाली होते तिथलं क्षेत्रफळ मोजा: बोल्टाची जाडी गुणिले आडवीची जाडी, १६ गुणिले ७५. बाराशे चौरस मिलिमीटर. सव्वाअकरा हजारांतून सैलसर चाललेली ओढ बाराशेत गोळा झाली.

इथे थांबा. घाई करू नका, कारण पुढचा प्रश्न सोपा दिसतो आणि उत्तर बहुतेकांचं चुकतं. बोल्ट छिद्राच्या कुठल्या भिंतीवर दाबतो आहे? आडवी आत, घराच्या मध्याकडे जाऊ पाहते. बोल्ट तिला जाऊ देत नाही. म्हणजे तो छिद्राच्या त्या भिंतीवर रुतून बसला आहे जी आडवीच्या टोकाकडे आहे. छिद्राच्या आतल्या बाजूला, जिकडे लांबच लांब लाकूड आहे, तिकडे बोल्ट टेकलेलासुद्धा नाही, तिथे केसभर फटच असेल. सगळा भार टोकाकडच्या तुकड्यावर आहे. सांध्याच्या पलीकडे उगाच पुढे आल्यासारखा दिसणारा, देखणेपणासाठी कुणीही कापून टाकेल असा तो वीतभर नाही, चारच बोटांचा शेंडा. छप्पर त्याने धरलं आहे.

या शेंड्याकडे जरा जास्त वेळ पाहा. सबंध कैचीत एवढीच जागा अशी आहे जिचं काम डोळ्यांना दिसत नाही. वासा उभा असल्याचं दिसतं, आडवी ताणलेली असल्याचं दिसतं, बोल्ट तर दिसतोच. शेंडा मात्र उरलेला तुकडा वाटतो. साग महाग असतो. बल्लारशाच्या डेपोत लिलावात ओंडका घेणारा घनफुटांवर पैसे मोजतो, मग त्याचा सुतार, आपल्या विदर्भातला वाढई, दोन-चार इंच वाचवता आले तर का वाचवणार नाही? दोन बाजूंच्या मिळून चार इंच, अशा दहा कैच्या, हिशेब होतोच. आणि तो हिशेब छिद्रापासून टोकापर्यंतच्या अंतरातूनच वजा होतो, कारण दुसरीकडून वजा केलेला लगेच दिसतो.

आता त्या शेंड्याला मनात ढकलून पाहा. बोल्ट त्याला टोकाकडे रेटतो आहे. शेंडा दोन प्रकारे हार मानू शकतो. एक, बोल्टाच्या रुंदीएवढी ढलपी छिद्रापासून टोकापर्यंत सरळ निसटून बाहेर येईल, खालून-वरून दोन्हीकडे तंतूंच्या रेषेत कापली जाऊन. दोन, बोल्ट पाचरीसारखं काम करील आणि शेंडा मधोमध उभा फाकेल. पहिल्याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. तंतूंच्या दिशेने घसरून सुटायला साग दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० न्यूटनांवर तयार होतो. शेंडा बोल्टाच्या दुप्पट, म्हणजे ३२ मिलिमीटर सोडला, तर दोन घसरत्या पृष्ठांचं क्षेत्र ३२ गुणिले ७५ गुणिले २, अठ्ठेचाळीसशे. म्हणजे ४८ हजार न्यूटन. छिद्राची भिंत चिरडायला लागणारे: बाराशे गुणिले ५०, साठ हजार. ढलपी आधी निसटते. शेंडा पाचपट, ८० मिलिमीटर सोडला तर तीच बेरीज एक लाख वीस हजारांवर जाते आणि ढलपी निसटायच्या कितीतरी आधी छिद्राची भिंत दबायला लागते.

हे गोल आकडे आहेत, आराखड्यासाठी वापरायचे नव्हेत. लाकडात ताण सारखा पसरत नाही, छिद्राच्या कडेला तो दाटतो, फाकण्याचा धोका वेगळाच. म्हणून आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६च्या आवृत्तीतही, टोकाचं अंतर ठरवून दिलेलं आहे: ओढीच्या सांध्यात कठीण लाकडाला बोल्टाच्या जाडीच्या पाचपट, मऊ लाकडाला सातपट. दाब असेल, म्हणजे बोल्ट टोकापासून दूर रेटत असेल, तर चौपट पुरे. दोन बोल्टांमधलं अंतर चौपट. नियमाच्या या ओळी रुक्ष वाटतात. पण त्या वाचताना लक्षात घ्या की त्यांत बोल्टाला किती मजबूत करा याबद्दल काहीही नाही. त्या केवळ न कापलेल्या लाकडाबद्दल आहेत.

आणि आता जाड बोल्टाचा सल्ला परत आठवा. शेंडा आहे तेवढाच, ८० मिलिमीटर. १६चा काढून २५चा घातला. पाचपटीला आता सव्वाशे लागतील, आहेत ८०. म्हणजे जाडीच्या सव्वातीनपटच. लोखंड वाढलं, लाकूड कमी झालं आणि सांधा दुबळा न दिसता फाकण्याच्या जवळ आला. अजून दोन बोल्ट त्याच रेषेत मारले तर तीन छिद्रं एकाच तंतूंच्या ओळीवर येतात, फाकायला वाट आयती. त्यातही तिन्ही बोल्ट भार सारखा वाटून घेत नाहीत. रांगेतले कडेचे जास्त ओढतात, मधला कमी. तीन बोल्टांची ताकद एकाच्या तिप्पट धरणारा फसतो.

लाकडाच्या आत शिरू या. धानाची पेंढी आडवी धरलीत तर काड्यांच्या लांबीच्या दिशेने ती ताठ असते, आणि दोन्ही हातांनी बाजूंनी ओढली तर सहज सुटते. लाकूड असंच, फक्त काड्या केसाहून बारीक आणि बांधणी फार घट्ट. सागाच्या काड्यांत एक विशेष आहे. उन्हाळ्यात साग पानं टाकून उभा राहतो. मृगाचा पाऊस आला की वाढ सुरू होते आणि त्या पहिल्या भरात पाण्याच्या मोठमोठ्या नळ्या तयार होतात, छाटलेल्या तोंडावर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. मग वाढ मंदावते, नळ्या बारीक होतात. पुढच्या वर्षी परत. प्रत्येक पावसाळ्याचं एक कडं. ‘वनवैभव आलापल्ली’ म्हणून राखून ठेवलेल्या आणि २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरलेल्या तुकड्यात जुने साग उभे आहेत, त्यांच्यात अशी किती कडी असतील ते पाडल्याशिवाय मोजता येत नाही, आणि पाडायचे नाहीत.

या काड्यांच्या दिशेने दाब आला तर लाकूड भारी. आडव्या दिशेने आला तर त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर नळ्या चेपायला लागतात. मग तिरक्या दिशेचं काय? कैचीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण बोल्ट आडवीच्या दिशेने ओढतो आणि वाशाचे तंतू छपराच्या उताराने चढत गेलेले आहेत. समजा उतार तीस अंश. उभ्या दिशेची ताकद १०० आणि आडव्याची २५ धरली, तर तीस अंशांवर किती? नव्वदाचा एक तृतीयांश, म्हणून २५ने कमी, ७५, असं मन पटकन सांगतं. १९२१ साली अमेरिकी लष्कराच्या विमानदलासाठी हँकिन्सन नावाच्या माणसाने याचं सूत्र मांडलं. तेव्हा विमानं लाकडाची असत आणि स्प्रूसच्या पट्ट्या तिरक्या दाबाखाली कशा मोडतात हे जाणणं जिवावरचं होतं. त्याच्या सूत्राने उत्तर येतं ५७. पंचेचाळीस अंशांवर ४०. दुबळी दिशा आपल्या वाट्याहून जास्त ओढते. वैमानिकांसाठी काढलेलं ते सूत्र आज छपरांसाठी जगभर चालतं, हे मला फार आवडतं.

थोडं विषयांतर करतो. डेहराडूनला १९०६ साली वन संशोधन संस्था निघाली आणि तिच्या लाकूड-चाचणी विभागात देशभरच्या जातींचे निर्दोष तुकडे यंत्राखाली दाबून, वाकवून, फाडून पाहिले गेले. त्या कामात व्ही. डी. लिमये हे नाव ठळक आहे. भारतीय लाकडांच्या भौतिक आणि यांत्रिक गुणधर्मांवरची त्यांची नोंद १९३३ची. तिथल्या तक्त्यांत एक रीत आहे: सागाला १०० धरायचं आणि बाकी साऱ्यांचं माप त्याच्याशी लावायचं, ताकद, ताठरपणा, आकार टिकवणं, सगळंच. म्हणजे देशातल्या प्रत्येक झाडाची उंची या एका झाडाला पाठ लावून मोजलेली. साग सर्वांत मजबूत म्हणून हा मान मिळाला नाही, ऐनाचं लाकूड त्याच्याहून जड आणि कठीण आहे. साग आकार बदलत नाही, त्यात तेल असतं, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा शिवत नाही, आणि त्याच्या संगतीत लोखंड लवकर गंजत नाही. जहाजवाल्यांना हे फार आधी ठाऊक होतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. इकडे २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी साग निघाला तेव्हा शोभायात्रा निघाली, रस्त्यांवर रांगोळ्या पडल्या. लाकडाची मिरवणूक! चंद्रपूर जिल्ह्याला ते साजेसंच होतं.

परत सांध्यापाशी या. आता भार वाढवत न्या. मनातच, हळूहळू.

आधी काहीच होत नाही. मग सांधा किंचित सरकतो, कारण छिद्र बोल्टाहून मिलिमीटरभर मोठं पाडलेलं आहे आणि तेवढी मोकळीक संपल्याशिवाय बोल्ट टेकतच नाही. मग तो टेकला. भार वाढवा. भिंतीवरचे तंतू दबू लागले. आणखी वाढवा. आता बोल्ट स्वतः काय करतो? तो आखूड आणि जाड असेल तर सरळच राहतो आणि लाकूडच दबत जातं. लांब आणि बारीक असेल तर मधोमध वाकतो. वाकला की छिद्राच्या कडांशी लाकूड जास्त दबतं, मधे कमी. १९३२ साली अमेरिकेत ट्रेयर यांनी याच्यावर ढीगभर चाचण्या करून दाखवलं की बोल्टाची जाडी आणि लाकडाची जाडी यांचं प्रमाण बदललं की मोडण्याची रीतच बदलते. १९४९मध्ये डेन्मार्कचे अभियंते योहान्सन यांनी ते सगळं एका मांडणीत बसवलं. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: हा सांधा किती प्रकारे हार मानू शकतो? लाकूड दबून, बोल्ट छिद्रात कलून, बोल्ट एका जागी मुडपून, किंवा दोन-तीन जागी मुडपून. प्रत्येकाचा भार काढा. सर्वांत कमी जो येईल तो सांध्याचा खरा भार. आज युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संहिता या पायावर उभ्या आहेत.

या यादीत फाकणं नाही, ढलपी निसटणं नाही. योहान्सन यांनी ते विसरून गाळलेलं नाही. टोकाचं आणि कडेचं अंतर पुरेसं सोडलेलं आहे, म्हणून फाकणं होणार नाही, असं गृहीत धरूनच गणित सुरू होतं. शेंडा सोडला असेल तरच पुढचं सगळं शास्त्र लागू पडतं.

आणि दोन प्रकारच्या मोडण्यांत फरक काय, त्यावर थोडं रेंगाळा. बोल्ट वाकत, लाकूड दबत जाणारा सांधा मोडायला वेळ घेतो. आडवी सरकते, वासा खाली येतो, कवेलू हलतात, घरातलं माणूस वर पाहतं. भार तोच राहतो, सांधा फक्त लांबत जातो. फाकणारा सांधा एका आवाजात मोडतो. ताकद दोघांची कागदावर सारखी असली तरी मी पहिल्याच्याच खाली झोपेन. बल्लारपूर, राजुरा, माजरी या कोळसापट्ट्यात भूमिगत खाणींत छताला लाकडाचे टेकू देत त्याचं एक कारण हेच. लाकूड भाराखाली कुरकुरतं, चिरकतं, तंतू तुटताना ऐकू येतात, आणि अनुभवी खाणकामगार त्या आवाजावरून बाहेर पडायचं कधी हे ठरवत असे. पुढे टेकूंच्या जागी छतातच रूफ बोल्ट ठोकायची पद्धत आली. ती जास्त भार घेते, वाट मोकळी ठेवते, एकंदरीत सुरक्षितही आहे. पण बोलत नाही, म्हणून तिच्यासोबत छताची हालचाल मोजणारी साधनं लावावी लागतात.

आता सांध्यावरून वर्ष जाऊ द्या. हे जरा लांबचं आहे. मे महिना आणा, चंद्रपूरचा. पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीस. लाकडातलं पाणी उडतं आहे. तंतूंच्या लांबीत काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. साग ओला असताना बसवला असेल तर दोनशे मिलिमीटर रुंदीत सहज चार-पाच मिलिमीटर कमी होतात, ऐनाला त्याहून जास्त. जाडी कमी झाली म्हणजे बोल्टाच्या डोक्यापासून नटापर्यंतच्या अंतराला लाकूड पुरेनासं झालं. नट सैल. वायसर बोटाने फिरतो. मग जून येतो, महिनाभरात हवा ओलीचिंब होते, लाकूड फुगतं आणि नट पुन्हा घट्ट बसल्यासारखा वाटतो. पुढच्या मेमध्ये परत सैल, आता थोडा जास्त.

सांध्याला लोखंडी पट्टी लावली असेल तर एक वेगळी गंमत होते, गंमत म्हणायचं ते दुसऱ्याचं छप्पर असेल तर. पट्टीत दोन बोल्ट, लाकडाच्या रुंदीवर एक वर, एक खाली. लाकूड आक्रसून दोघांना जवळ ओढू पाहतं. पट्टी दोघांना होतं तिथेच धरून ठेवते. लाकडाला आक्रसायला जागा नाही, मग ते दोन बोल्टांच्या मधे उभं फाटतं. वारा नाही, वजन नाही, नुसतं सुकणं. म्हणून जाणता माणूस अशा पट्टीत एक छिद्र गोल पाडतो आणि दुसरं लांबट, म्हणजे बोल्ट लाकडाबरोबर सरकू शकतो.

बोल्टावर इतका वेळ घालवल्यावर, या मुलखात बोल्टाशिवाय काय काय उभं राहिलं तेही पाहायला हवं. बंडीचं चाक घ्या. तुंबा, आरे, पुठ्ठे, बाहेरून लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात, शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापवतात, तापून फुगली की चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. ती आक्रसते आणि सगळे सांधे आतल्या आत आवळते. इथेही लोखंडच लाकूड धरतं आहे, पण त्यासाठी एकही छिद्र पाडलेलं नाही. बंडीच्या साटीला, धुऱ्यांना पुढे नट-बोल्ट आले, ते सोयीचे होते, चाकात मात्र त्यांना कुणी शिरू दिलं नाही. वाढई धाव चढवायच्या आधी लाकूड निवडतो ते वेगळंच: चिवटपणासाठी तिवस, धावडा. आणि भामरागडकडच्या माडिया घरांत गराडीचे खांब, वरचं टोक दुबेळक्याचं, त्यात आडवं लाकूड ठेवून सालीच्या दोराने किंवा वेलीने बांधलेलं. बांधलेल्या सांध्यात लाकडाचा एक तंतूही तुटत नाही. तो सरकतो, कुरकुरतो, दर काही वर्षांनी दोर बदलावा लागतो. पण शेंडा किती सोडावा हा प्रश्न त्याला पडत नाही. गिरमीट हाती आल्यापासून आपल्याला पडला.

आणि बांबू. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूतच मोठी वास्तू उभी राहत होती. फेब्रुवारी २०२१मध्ये ती आगीत सापडली. त्या आगीबद्दल इथे काही सांगायचं नाही. सांध्याच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: जाड लाकूड पेटलं की वर कोळशाचा थर धरतो आणि आतलं काही वेळ वाचवतो, मिनिटाला मिलिमीटरहूनही कमी गतीने आग आत जाते. बोल्टाचं उघडं डोकं मात्र उष्णता सरळ गाभ्यात नेऊन पोचवतं. म्हणून जिथे आगीची काळजी आहे तिथे डोकं खोलगट खाचेत बसवून वर लाकडाचा गट्टू ठोकतात. बांबूला तीही सोय नाही, त्याची भिंतच बोटभर.

बांबूत बोल्ट हा सगळा प्रश्नच उलटा करतो. सागात काड्यांना आडवं शिवणारे किरण असतात, मध्यातून सालीकडे जाणारे. बांबूच्या पेरात आडवं काहीच नाही, सगळे तंतू उभे. बुरड कोयता टोकावर ठेवून एक दणका देतो आणि तीस फुटी बांबू सरळ चिरत जातो; त्याचं पोट ज्या गुणावर चालतं तोच बोल्टाचा वैरी. तरी आपल्या जंगलातला मानवेल पुष्कळदा जाड भिंतीचा, कोरड्या डोंगरावर जवळजवळ भरीव वाढतो, त्यात बोल्टाला टेकायला काही मिळतं. कटांग बांबू पोकळ. त्यात बोल्ट घालायचा तर गाठीजवळ घालतात, त्या पेरात सिमेंटचा मसाला भरतात, बाहेरून तारेने किंवा पट्टीने आवळतात. म्हणजे आधी छिद्र पाडायचं, मग त्यामुळे फाकू नये म्हणून बांधायचं. माडिया घरातला दोर असा मागच्या दाराने परत येतो.

शेवटी पाना हातात घ्या. अजून त्याच सांध्यापाशी आहोत. वायसरकडे पाहा: बोल्टाच्या जाडीच्या तिप्पट रुंद हवा, आणि जाडीही अगदी पत्र्यासारखी नको, नाही तर मधे वाकून बशीसारखा होतो. त्याचं काम नटाचा दाब लाकडाच्या आडव्या, दुबळ्या दिशेवर पसरवायचं. नट फिरवत जा. वायसर लाकडाला टेकला, तीन तुकडे एकमेकांना भिडले, इथे हात थांबला पाहिजे. पुढे आवळला तर घर्षणाने सांधा आणखी घट्ट वाटतो, पण आराखडा करणारा ते घर्षण हिशेबात धरत नाही, कारण पुढच्या मेमध्ये ते उरणार नाही. पुढे आवळल्याने फक्त वायसरखालच्या नळ्या चेपतात, आणि चेपलेल्या नळ्या परत उघडत नाहीत.

मग पाना कधी उचलायचा? पावसाळ्यात उचलला तर फुगलेलं लाकूड घट्टपणाचा भास देतं आणि नट फिरतच नाही. ऐन उन्हाळ्यात उचलला आणि जोर लावला तर जूनमध्ये लाकूड फुगून स्वतःलाच वायसरखाली चेपून घेतं. नवीन छपराचं पहिलं एक-दोन वर्ष, मेच्या अखेरीस, नट बोटाने टेकवून वर पाव फेरा. याहून जास्त नाही. आणि ऑगस्टमध्ये शिडी लावून एकदा वायसरची कड पाहायची, ती लाकडात बुडली आहे का. बुडली असेल तर पुढच्या उन्हाळ्यात नट आवळायच्या आधी वायसर मोठा घालायचा. शिडीवर आहातच तर आडवीचा शेंडाही टेपने मोजून घ्या, छिद्राच्या मध्यापासून टोकापर्यंत.